चौकटींची काच

मी मुळात खिडकीची काच. एका साहेबाच्या बंगल्यात पोरांच्या चेंडूने माझे तुकडे केले, आणि त्यातला पाटीएवढा एक तुकडा हिंदी मुलखातल्या दुर्ग शहरात, मोहन नगरातल्या शेषरावांच्या फ्रेमच्या दुकानात येऊन पडला. तो तुकडा म्हणजे मी. मित्रांनो, काचेच्या जन्माला आल्यावर मानमरातबाची आशा धरू नये. लोक काचेतून पलीकडे पाहतात, काचेकडे पाहत नाहीत. याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी एक गोष्ट अशी पाहिली आहे, जी एका माणसाला सांगायलाच हवी होती, आणि मला तोंड नाही. ते दुःख उरात धरून मी आज तुमच्याशी बोलते आहे.

शेषरावांनी माझ्या कडा घासून बोथट केल्या आणि मला देवीदासच्या हातात ठेवलं. देवीदास पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ घडवणाऱ्या रेल मिलमध्ये नोकरीला होता, जवळच्या कोहक्यात राहत होता आणि त्याला चित्रांचं वेड होतं. शिकवायला कोणी नव्हतं. कॅलेंडरवरची चित्रं तो नुसत्या नजरेने उतरवायचा. त्याच्या बुद्धाचा एक कान खांद्याला टेकायचा आणि दुसरा गालावर चढायचा.

"चौकटी पाडून काढ ना बावा," शेषराव म्हणाले. "मोठमोठे पेंटर तसेच काढतेत."

देवीदासने पट्टी धरून माझ्या अंगावर काळ्या रंगाच्या उभ्या-आडव्या रेघा ओढल्या. मग काम सोपं झालं. चित्रावर मला ठेवायचं, कॅनव्हासवर पेन्सिलीने मोठ्या चौकटी आखायच्या, आणि माझ्या एका चौकटीत जेवढं दिसेल तेवढंच तिथल्या चौकटीत भरायचं. बुद्धाचे कान जागेवर आले! त्या दिवशी देवीदासला आनंद मावेना. त्याने चुलीपाशी बसलेल्या बायकोला हाताला धरून ओढत आणलं.

ही ललिता. रंगाने काळीसावळी, अंगाने काटक, आणि हसण्याला कारण न लागणारी. लहानपणी बोअरिंगच्या हातपंपाच्या दांड्यावर तोंड आपटून तिचा समोरचा एक दात अर्धा तुटला होता. दुसरी असती तर पदर तोंडाशी धरून हसली असती. ही खळखळून हसायची. प्लांटची लाल धूळ भांड्यांवर बसते तशी माझ्यावरही बसायची, आणि ललिता रोज मला पदराने पुसायची. घरातल्या निर्जीव वस्तूंनाही कळतं बरं, आपल्याला कोण पुसतं ते.

तो बुद्ध वस्तीतल्या विहारात लागला. लोकांनी पाहिला, नाव विचारलं आणि देवीदासकडे कामं येऊ लागली. पण कोणती कामं? कोणी सूर्यास्त मागितला नाही, कोणी मोर मागितला नाही. लोक आपली मेलेली माणसं घेऊन आले. बोटाएवढा फोटो खिशातून काढायचे आणि म्हणायचे, "मोठा करून द्या." कोणाकडे तेरवी असायची, कोणाकडे बौद्धांचं पुण्यानुमोदन. हाराखाली किंवा मेणबत्त्यांच्या मागे देवीदासने रंगवलेला चेहरा असायचा.

सुरुवातीला देवीदास जसं दिसेल तसं काढायचा. कृष्णराव म्हणून एक हेडक्लार्क होते. त्यांच्या वडिलांच्या तोंडावर देवीचे व्रण होते, ते त्याने एकेक करून उतरवले. कृष्णरावांनी चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"व्रण काढून टाका ना देवीदासभाऊ. रंग जरा उजळ करा. अन् कोट चढवा."

"कोट घालत होते काय ते?"

"जितेपणी नाही भेटला, म्हणून आताबी नको काय?"

देवीदासने कोट चढवला. मग साऱ्यांनाच कोट हवे झाले. बायांना काठाची लुगडी आणि गळ्यात सोनं हवं झालं. तिरळे डोळे सरळ झाले, काळे लोक गोरे झाले, उघडी तोंडं मिटली. त्याचा हात त्यात इतका बसला की पुढे पुढे तो फोटोकडे कमी आणि सवयीकडे जास्त पाहू लागला. लोक "हुबेहूब!" म्हणायचे, आणि ते ऐकून त्याला ते खरं वाटायचं.

मनातून मात्र त्याला खरा चित्रकार व्हायचं होतं. रद्दीच्या दुकानात त्याला परदेशी उस्तादांच्या चित्रांचं एक फाटकं पुस्तक मिळालं. त्यात एका म्हातारीचं चित्र होतं. ते त्याने माझ्याखाली ठेवून कितीदा गिरवलं असेल, त्याला गणती नाही. सुरकुत्या, ओघळलेल्या पापण्या, पिचके ओठ. ललिता मागे उभी राहून बघायची.

"पाहा जी," ती एकदा म्हणाली, "यानं बुढीच्या साऱ्या सुरकुत्या ठेवल्या. तुम्ही तर साऱ्यायले घासूनपुसून टाकता."

"तो उस्ताद होता," देवीदास म्हणाला. "माह्याकडं गिऱ्हाईक येते."

"मग मले काढा. मी काही गिऱ्हाईक नाही."

तो रविवार मला आजही लख्ख आठवतो. देवीदासने विटांची चळत रचून मला तिच्यावर उभं केलं. ललिता दारातल्या उजेडात स्टुलावर बसली. एक डोळा मिटून तो माझ्यातून तिच्याकडे पाहू लागला. मित्रांनो, तोवर माझ्याखाली फक्त कागद आले होते. पहिल्यांदाच माझ्या चौकटींत जिवंत माणूस आलं. कपाळ वरच्या ओळीत, डोळे त्याखाली, आणि मधोमध ते हसणं. पण ते एका चौकटीत राहीना! छोटी तारा अंगणातून बापाचा मिटलेला डोळा पाहून खिदळली, आणि तिच्यामागोमाग आईही.

"हालू नको," देवीदास म्हणाला.

"मी का मेली हाय काय, न हालाले?"

त्याने दोनदा रेघ पुसली आणि तिसऱ्यांदा पेन्सिल खाली ठेवली. जिवंत चेहरा त्याला धरताच येईना. चूक कबूल करायची सोडून तो चिडला. "फोटो काढून आण. त्याच्यावरून काढतो."

ललिता स्टुलावरून उठली. "फोटोत मी दात दाखवत नाही जी," एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. पुन्हा तिने कधी 'मला काढा' म्हटलं नाही.

पुढे एका उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. आधी कोणी मनावर घेतलं नाही, आणि मनावर घेतलं तेव्हा फार उशीर झाला होता. ती खाटेवर पडून असायची आणि देवीदास तिच्याच खोलीत कोणाकोणाचे बाप रंगवत असायचा. ती पाणी मागायची. तो म्हणायचा, "थांब, एवढी चौकट भरतो." तो वाईट माणूस नव्हता हो. पाणी द्यायचा. पण चौकट भरल्यावर.

ललिता गेली.

पुण्यानुमोदनाला तिचं चित्र देवीदासच काढणार, हे कोणी बोलूनही दाखवलं नाही. साऱ्यांनी ते गृहीतच धरलं होतं. घरात तिचा एकच फोटो होता, दवाखान्याच्या कार्डावरचा, तिघांचा मिळून. त्यात ती ओठ घट्ट मिटून बसली होती. तिचं तोंड तुरीच्या डाळीएवढं. माझ्या एकाच चौकटीत ते सारं मावलं. एका चौकटीतून माणूस कसा उभा करणार? उरलेलं त्याच्या हाताने सवयीने भरून काढलं. हाताने तिला गोरं केलं, लुगड्याला काठ लावला, गळ्यात सोनं घातलं. रडत रडत त्याने ते चित्र पुरं केलं, आणि आपण काय काढलं ते त्याला दिसलं नाही.

पाहुणे जमले. कृष्णरावही आले. "हुबेहूब!" म्हणाले. शेजारच्या भागीरथाबाईने चित्राला हात जोडले. तारा तेव्हा मॅट्रिकला होती. बाहेर हिंदी बोलणारी ही पोरगी घरात कधी मराठीशिवाय बोलत नसे. ती चित्रापुढे उभी राहिली आणि परक्या माणसाला विचारावं तशी हिंदीत म्हणाली, "बाबा, ये कौन है?"

भागीरथाबाईचे जोडलेले हात खाली आले.

"माही आई काळी होती," तारा म्हणाली. "तिचा दात तुटका होता. ही कोणाची आई आणली तुम्ही?"

पाहुणे गेल्यावर तिने ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. देवीदासने तिला अडवलं नाही.

त्यानंतर त्याने मेलेल्यांची कामं घेणं बंद केलं. मलाही बाजूला ठेवलं. शिफ्ट संपली की तो बाजारात जाऊन बसायचा आणि भाजीवाल्या बायांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी वहीत काढायचा. आधी वेडीवाकडी यायची. पुढे त्यांत जीव येऊ लागला. सुरकुत्या आल्या, व्रण आले, घाम आला. शेषराव वही चाळत म्हणाले, "आता पेंटर झाला तू." हे कौतुक कधीकाळी त्याला स्वर्गाएवढं वाटलं असतं. त्याने वही मिटली आणि घरी येऊन ललिताचं चित्र नव्याने सुरू केलं.

या वेळी कपाळ तिचं आलं. रंग तिचा आला. डोळेसुद्धा आले, आणि ते पाहून तारा भिंतीला टेकून खाली बसली. मग देवीदास हसण्यापाशी आला आणि त्याचा कुंचला थांबला.

"तारा, कोणता दात होता वं तिचा?"

"उजवा," तारा म्हणाली. मग म्हणाली, "नाही, डावा." मग ती रडायला लागली. "बाबा, मले बी आठवून नाही राहिलं."

त्याने भागीरथाबाईला विचारलं. ती म्हणाली, "तुटका होता काय तिचा दात? मी तं कधी पाह्यला नाही." माहेरी विचारावं, तर तिथेही कोणी उरलं नव्हतं.

शेवटी त्याने दोन ललिता काढल्या. एकीचा उजवा दात तुटका, एकीचा डावा. दोन्ही शेजारी ठेवून तो बसून राहायचा, एकदा हिच्याकडे पाहायचा, एकदा तिच्याकडे. त्यातली एक खरी आहे आणि एक खोटी, हे त्याला ठाऊक होतं. कोणती, ते ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने एकही भिंतीवर लावली नाही. तारा लग्न होऊन वैशाली नगरात गेली तरी दोन्ही चित्रं इथेच, देवीदासच्या खोलीत आहेत, एकमेकींना टेकून.

मी त्यांच्या मागे, फळीवर आहे. माझा एक कोपरा उडाला आहे, आणि अंगावर लाल धुळीचा थर आहे. पुसणारं कोणी नाही. जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारख्यांनी सांगायचं असतं. माझं जाऊ द्या, मित्रांनो. तुमच्या घरात आज कोणी हसत असेल, तर हातातली चौकट अर्धी सोडा आणि त्या तोंडाकडे एकदा डोळे भरून बघा. त्यांना 'हालू नका' म्हणू नका. पाणी मागितलं तर आधी पाणी द्या.

कारण त्या रविवारी ती दारातल्या उजेडात हसली, तेव्हा देवीदास पेन्सिलीकडे पाहत होता, आणि मी तिच्याकडे. माझ्या मधल्या चौकटीत मी तो दात स्वच्छ पाहिला. देवीदास आता म्हातारा झाला आहे. रोज संध्याकाळी तो त्या दोघींसमोर बसतो, आणि मी त्याच्यापासून हातभर अंतरावर असते.

डावा होता रे, देवीदास. वरचा, डावा.