सिद्धूच्या गाडीची आरसी

सिद्धूचं लग्न एका आरसीपायी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डापायी, अडलं होतं. सिद्धू माझा पुतण्या. आम्ही आटपाडीकडचे धनगर. त्याचा थोरला भाऊ धनाजी मेंढरांमागं फिरतो आणि हा धाकटा पिकअपमागं. पिकअप अशी, की हॉर्न वाजला की पलूसच्या कोंबड्या दचकून दुसरं अंडं घालतात. मी काही खुराड्यात डोकावलो नाही, पण तिथल्या कोंबडीवाल्यानं आम्हाला हार-नारळ दिला होता, एवढं खरं.

त्या पलूसच्याच तानुबाईची लेक सोनिया. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत. पण आधीच्या एका स्थळानं मेहुण्याची गाडी आपली म्हणून तानुबाईच्या दारात उभी केली होती. तेव्हापासून ती बाई कुणाच्या चाकांवर विश्वास ठेवीना.

"गाडी तुझी न्हवं? मग आरसी दाव," ती सिद्धूला म्हणाली.

सिद्धूनं खिसे चाचपले, गाडीतला खण उपसला. कार्ड नाही. शेवटी मोबाईल पुढं केला. त्यात आरसी होती, नाव होतं, नंबर होता.

"मोबाईलात माजा नातू इमान उडवतो," तानुबाई म्हणाली. "हातात धरायची दाव. हरवली आसंल तर तसा शिक्क्याचा कागद आण. ऐतवारपातूर. न्हाईतर विट्याचं स्थळ थांबलंयच."

घर धुंडाळलं. मी तर कणगीत उतरलो, ते थेट शेजाऱ्याच्या कणगीतून वर आलो. आरसी नाही. धनाजीला फोन करावा, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मेंढरांमागच्या माणसाला गाडीचं काय विचारायचं?

मग नवी काढायचं ठरलं. आधी पोलिसात तक्रार, मग वकिलाकडं प्रतिज्ञापत्र, मग आरटीओ. ठाण्यात हवालदार दादासो बसले होते.

"कुठं हरवली?"

"ठावं आसतं तर हरवली कशाला म्हनलो आसतो, सायेब?" सिद्धू म्हणाला.

"मला रकान्यात कायतरी लिहाय पायजे."

हवालदार अडलेले बघून मला राहवलं नाही. म्हटलं, "लिवा. माधवनगरला गाडी हुबी व्हती. काचंवर एक मोर येऊन बसला. त्यानं आरशात सोताला बघितलं, भुलला, आन् निशानी म्हनून आरसी चोचीत धरून उडाला."

दादासोंनी मोरापर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. "बाबा, मी तक्रार लिहितोय, पोथी न्हाई." खोडून त्यांनी 'प्रवासात गहाळ' लिहिलं. पण आम्ही निघताना, मोर पुढं कुठं गेला, हे त्यांनी हळूच विचारलंच.

सांगलीत अनीश वकिलांनी प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि वाचून दाखवलं. "'सदर आरसी गहाळ झाली असून ती कोठेही गहाण ठेवलेली नाही, हे मी शपथेवर सांगतो.' इथे सही करा."

सिद्धूनं पेन उचललं आणि परत ठेवलं. "शपत म्हंजे खरी शपत?"

"कायद्यानं खरीच."

"मग आशी कशी घ्यायची? भंडारा कुठाय?"

वकिलांनी टेबलावर नजर फिरवली. स्टॅपलर होता, शिक्के होते, चहाचा कप होता.

मी त्यांना समजावलं. आमच्यात शपथ म्हणजे बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, तळहातावर घेऊन बोलायचं. तसा बोललेला शब्द मोडत नाही. सिद्धूच्या घरचा देव तर धनाजीबरोबर, मेंढरांच्या वाड्यावर. वाडा तेव्हा उंब्रजला एका शेतात बसवलेला.

"अहो, नुसती सही करायची आहे," वकील म्हणाले.

"तुमची सही आसंल नुसती," सिद्धू म्हणाला. "मी शपत घिऊन येतो, मग करतो."

"आरं, ऐतवार उद्यावर आलाय," मी म्हटलं.

"खोट्या शपतंवर संसार मांडू व्हय, तात्या?"

निघालो. हायवेला पिकअप अशी सुटली, की आमची सावली कराडला मागं राहिली, ती उंब्रजला धापा टाकत येऊन मिळाली.

धनाजी मेंढरांत उभा होता. सिद्धूनं आल्या आल्या हातपाय धुतले आणि देवाची पिशवी मागितली. धनाजीनं ती घोंगड्यावर ठेवली. सिद्धूनं डोळे मिटले, भंडाऱ्यात मूठ घातली, म्हणाला, "देवा, माज्या गाडीची आरसी हरवलीया, ही खरी गोष्ट…" आणि थांबला. मूठ वर काढली. बोटांत पिवळंधमक कार्ड होतं.

मेंढरंसुद्धा चरायची थांबली. 

"ही हितं कशी रं?" सिद्धूनं विचारलं.

"दसऱ्याला तूच म्हनलास न्हवं, मेंढराच्या कातरीसंगं गाडीची बी पूजा कर," धनाजी म्हणाला. "गाडी काय देवापुढं मावती व्हय? म्हनून गाडीतलं कार्ड काढून ठिवलं. पूजंचं सामान पिशवीत, पिशवी घोड्यावर, घोडं हितं."

"आन् सांगायचं न्हाईस?"

"इचारलंस कवा? देवाजवळची वस्तू हरवली आसंल, आसं मला कसं वाटावं, गड्या?"

रविवारी तानुबाईनं कार्ड उलटसुलट केलं. तिची बोटं पिवळी झाली. सोनियानं नाव वाचून दाखवलं. तानुबाईनं ती बोटं आधी आपल्या कपाळाला लावली, मग सिद्धूच्या.

"पुसू नगंस," ती म्हणाली. "हळद हितनंच लागली म्हनायची."

सुपारी फुटल्यावर मी तक्रार मागं घ्यायला ठाण्यात गेलो. दादासोंनी विचारलं, "कुठं सापडली?"

जन्मात एकदा मी जसं घडलं तसं सांगितलं. शपथ, पिशवी, घोडं, सगळं.

दादासोंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "बाबा, वय झालं तुमचं. त्यापरीस मोराचं पटत व्हतं."

लग्नाला ते आले. जेवण झाल्यावर खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाले, "हां, तर मोर माधवनगरातनं उडाला. पुढं?"