अबोल्याची नेमणूक

डॉ. अश्विन यांनी कंपनीच्या कारभारावर तीन ग्रंथ लिहिले होते. तिन्हींचं सार एकच: संचालक मंडळात मालकाची भीड न बाळगणारा एक तरी माणूस पाहिजे. म्हणून धरमपेठेतल्या स्वतःच्या सरबत कंपनीत त्यांनी शेजारच्या प्रेमिलाबाईंना नेमलं. पार्किंगवरून दोघांचा सात वर्षं अबोला होता.

पहिल्याच बैठकीत बाई तिसऱ्या संचालक असलेल्या अश्विन यांच्या पत्नीकडे वळल्या. "कामिनी, तुह्या नवऱ्याले सांग, एक तास झाला, भाषणच देऊन राहिला. सरबताचं नाव नाही. आजपासून अध्यक्ष तू!"

कामिनीनं निरोप न पोचवताच हात वर केला. दोन विरुद्ध एक, ठराव मंजूर.

खुर्ची सोडताना अश्विन यांचा चेहरा उजळला होता. "पाह्यलं? माह्यं पुस्तक खरं निघालं!"