बाबांचं नाक

आमच्या घरात बाबांच्या नाकाला फार मान होता. बाबा तेल शोधणाऱ्या कंपनीत भूगर्भशास्त्रज्ञ. चार आठवडे तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर, चार आठवडे घरी, अशी तीस वर्षं काढली त्यांनी. जमिनीत भोक पाडताना खालून खडकाचा चुरा वर येतो. तो धुवायचा, भिंगाखाली बघायचा, हुंगायचा आणि तेलाचा माग लागतोय की नाही ते लिहायचं, हे त्यांचं काम. यंत्रं होतीच, पण बाबांनी चुरा नाकाशी नेला की रिगवरचे सगळे हातातलं काम सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या बढाया आम्ही निम्म्या करून ऐकायचो.

घरी आले की बूट काढायच्या आधी मला हाक. मी पळत जाऊन डोकं पुढे करायची. ते माझ्या भांगाला नाक लावून डोळे मिटत आणि अहवाल देत. "रंग काळा, पोत तेलकट, थर नऊ वर्षांपूर्वीचा. मंगळवारी आंघोळ बुडवलेली दिसते. गुरुवारी मैत्रिणीशी भांडण. नंतर रडारड." सगळं बरोबर निघायचं. माझा बाप जगात सगळ्यांत भारी आहे, याला माझ्याकडे एवढाच पुरावा होता आणि तो मला पुरेसा होता.

आता ते एकसष्ट वर्षांचे आहेत. आईला जाऊन दोन वर्षं झाली. सहा महिन्यांपासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असला तरी थरथरतो. "थंडी आहे," म्हणायचे. उन्हाळा आला तेव्हा "पंखा" म्हणाले. शेवटी मी भांडून त्यांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी त्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मग टेबलावर चार छोट्या बाटल्या मांडल्या. वास ओळखायचे. बाबांनी पहिली बाटली उजेडात धरली, तिरकी केली, आतला थेंब काचेवरून किती हळू उतरतो ते बघितलं आणि म्हणाले, "कॉफी."

"डोळे मिटून," बाई म्हणाल्या.

मग मात्र पंचाईत झाली. साबणाला ते लवंग म्हणाले, लवंगेला साबण. चौथी बाटली कानाशी नेऊन हलवली आणि ठामपणे म्हणाले, "रॉकेल." त्या बाटलीत पाणी होतं.

मला आधी हसू आलं. मग मी ती बाटली स्वतः हुंगून बघितली.

बाईंनी वही उघडली. "वास कधीपासून येत नाही, हे नीट आठवून सांगा. एवढ्यातच गेला असेल तर दुसरं काही कारण असू शकतं, ते शोधू. पण फार वर्षांपूर्वी गेला असेल, तर तो आणि हाताची थरथर ही एकाच आजाराची गोष्ट आहे. मग त्याची औषधं आजच सुरू करावी लागतील. तो बरा होत नाही, पण सांभाळता येतो."

"गेल्या वर्षी याच दिवसांत सर्दी झाली होती," बाबा लगेच म्हणाले. "तेव्हापासून."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांचा हातच धरला. बाईंनी लिहिलं, 'एक वर्ष'. बाबा त्या पेनाकडे बघत होते. त्यांची ती नजर मला ठाऊक आहे. चुऱ्याच्या प्रत्येक पिशवीवर तो किती खोलीवरून आला तो आकडा लिहायचा असतो. आकडा चुकलेली पिशवी ते सरळ फेकून देत. रिकामी पिशवी परवडली, म्हणत, ती निदान खोटं बोलत नाही.

"खोडा ते," बाबा म्हणाले. "सोळा वर्षं झाली. ही चौथीत होती."

"नक्की?"

"अगदी. मी रिगवरून घरी आलो. हिच्या डोक्याला वासच नव्हता." ते बाईंशी बोलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "खडकांचं कधीपासून बिनसलं होतं कोण जाणे. दगडाला वास नसला तर नसला, मी तसं लिहून मोकळा होत होतो. पण पोरीच्या डोक्याला वास नाही असं होईल का?"

"पुढे काम कसं केलंत?"

"रिगवरच्या आचाऱ्याचं नाक चांगलं होतं. चहा घ्यायला म्हणून चुरा घेऊन स्वयंपाकघरात जायचो. तो हुंगायचा, मी सही करायचो. त्या वर्षी माणसं कमी करायला कंपनीला निमित्तच हवं होतं, आणि घरी ही एवढीशी."

बाईंनी 'एक' खोडून 'सोळा' लिहिलं आणि औषधांचा कागद पुढे ओढला. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

जिन्यात मी भडकले. "आणि माझं? मंगळवार, गुरुवार, भांडणं, ते सगळं कसं बरोबर यायचं?"

"स्टेशनवरून तुझ्या आईला फोन करायचो. ती सांगायची."

मला एकदम आठवलं, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांचं चुकलं होतं. "शाम्पू बदललास," म्हणाले होते. मी काही बदललेलं नव्हतं. वय झालं त्यांचं, म्हणून मी सोडून दिलं होतं.

"सोळा वर्षं नाटक केलंत," मी म्हणाले. "वास येत नव्हता तर कशाला हुंगायचात?"

ते कठडा धरून एक पायरी उतरले आणि थांबले.

"तू डोकं पुढे करायचीस," बाबा म्हणाले.

आम्ही रिक्षा करून घरी आलो. दारात ते बुटांच्या नाड्यांशी झटत बसले. बोटं ऐकत नव्हती. मी त्यांच्यासमोर खाली बसले, एक नाडी सोडली, दुसरी सोडली आणि तशीच वाकून डोकं पुढे केलं.

त्यांनी भांगाला नाक लावलं. बराच वेळ लागला त्यांना.

"रडलीस," म्हणाले.

ते तर त्यांना डोळ्यांनीच दिसत होतं. पण मी म्हटलं, "बरोबर."