मुक्कामाला गेलेली निळी बॅग

मी एक जुनी निळी बॅग आहे. चाकं होती चार, उरली तीन. मित्रांनो, बॅगेच्या पोटात काय आहे हे विमानतळावर सगळेच विचारतात, तिच्या मनात काय आहे ते कोणी विचारत नाही. म्हणून आज न विचारताच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. कापड ताणलं, चेन शिवली, चाकं बसवली आणि वर्ध्याच्या एका दुकानात नेऊन मांडली. तिथून मला राकेशभाऊंनी उचललं. तळेगावला त्यांचं मोटारपंप वाइंडिंगचं दुकान आहे. चाकांची बॅग तेव्हा आमच्या गल्लीत दुसरी नव्हती, त्यामुळे माझा तोरा काय विचारता! कोणाचं लग्न असो, कोणाला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं असो, "नंदिनीवहिनी, बॅग द्या न," म्हणत माणसं भाऊंच्या बायकोपुढे दारात उभी राहायची. मी सगळ्यांकडे गेले, कधी कुरकुरले नाही.

राकेशभाऊंचे शाळेपासूनचे दोन दोस्त, सचिन आणि मुकेश. सचिन जर्मनीत गेला, मुकेश हॉलंडला. दर हिवाळ्यात दोघं गावी यायचे आणि मुक्काम आमच्याकडेच ठोकायचे. मुकेशचे वडील आजारी पडले, तेव्हा त्यांना हातांवर उचलून दवाखान्यात नेलं ते राकेशभाऊंनी. नंदिनीवहिनी पाहुण्यांसाठी कधी पाटवडीचा रस्सा करायच्या, कधी रोडगे. दोघं बोटं चाटत म्हणायचे, "राकेश, एका उन्हाळ्यात तू ये न बे तिकडं! आन आकांक्षा शिकाले आली, त आमचीच पोट्टी समज."

आकांक्षा ही राकेशभाऊंची एकुलती एक लेक. यंदा तिला सचिनच्याच शहरात शिकायला प्रवेश मिळाला. पोर जाणार सप्टेंबरात. त्याआधी आपण एकदा जावं, दोस्तांकडे तिची सोय लावून यावं, असं भाऊंनी ठरवलं. बापाचा जीव, दुसरं काय!

आता आमच्याकडची रीत सांगते. मुक्कामाला जायचं तर 'किती दिवस राहू?' असं कोणी विचारत नाही. विचारलं तर घरच्याचा अपमान होतो. आणि घरचा माणूस 'कधी जाणार?' असं मेला तरी म्हणत नाही, उलट निघालेल्या पाहुण्याची चप्पल लपवतो. भाऊ त्याच रीतीने निघाले. महिन्याभरानंतरचं परतीचं तिकीट काढलं, दोघांना फक्त 'येऊन राह्यलो' एवढं कळवलं आणि लोणचं, सांडगे, कुरडया नि पापड माझ्या पोटात कोंबून विमानात बसले.

सचिन स्टेशनवर आला होता. गळ्यातही पडला. खोटं कशाला बोलू? पण लोणच्याची बरणी वाटेत झिरपली होती. घरात शिरताच सचिनच्या बायकोने नाकाला रुमाल लावला आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. सगळ्या गावाने जिला मागून नेलं, ती मी कुंड्यांशेजारी उभी!

तिथला उन्हाळा मोठा फसवा. नऊ वाजले तरी लख्ख ऊन. संध्याकाळी सहा वाजता पाव आणि पानांचं काहीतरी ताटात आलं. भाऊंना वाटलं, हा नाश्ता असेल, दिवस मावळला की जेवण होईल. दिवस कसाबसा मावळला आणि घरातले दिवे मालवले गेले. भाऊंनी हळूच माझी चेन उघडली आणि कच्चे पापड खाल्ले. बायकोने लाटलेले पापड दोस्ताच्या घरी चोरून खावे लागले हो!

तिसऱ्या संध्याकाळी दोघं गॅलरीत बसले. सचिन म्हणाला, "राकेश, मुकेशकडं कधी निघतं? मंजे शनिवारी आमचं बाहेर जायचं हाय."

भाऊ हसले. ते हसू मला ओळखू आलं नाही. मग त्यांनी ज्यासाठी आले होते ते विचारलं. "आकांक्षा येऊन राह्यली न सप्टेंबरात. सुरुवातीचे काही दिवस तुह्याकडं..."

"इथं तसं चालत नाई राजा," सचिन घाईने म्हणाला. "इथं पोरं सोताचं सोता पाह्यतात. तिच्यासाठीच चांगलं हाय ते."

भाऊ म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मला उचललं आणि आम्ही मुकेशकडे निघालो.

हॉलंडला स्टेशनवर कोणीच नव्हतं. फोनवर मुकेशचा निरोप होता, भाऊंनी तो अडखळत मोठ्याने वाचला. "आम्ही सुट्टीवर ग्रीसले चाललो. किल्ली कुंडीखाली हाय. मांजरीले दोन्ही टाइम खाऊ घालजो. तू आला, लय बरं झालं, तिची फिकरच होती." दगडी गल्लीतून मला ओढत नेताना माझं एक चाक निखळलं. ज्याच्या बापाला या माणसाने हातांवर उचललं, त्याच्या रिकाम्या घरात हा माणूस परतीच्या तिकिटापर्यंत मांजर राखत बसला. मला राग येतो, मित्रांनो, अजूनही येतो. भाऊंना आला की नाही, कळलं नाही. ते रोज कालव्याकाठी उभे राहून फोटो काढायचे आणि घरी पाठवायचे.

गावी परतल्यावर तर कमालच झाली. "सचिन त सोडूनच नाई राह्यला होता," भाऊ दारात जमलेल्या माणसांना सांगत होते. "मुकेशनं घराची किल्लीच हाती देल्ली!" शेजारच्या शकुबाई कौतुकाने म्हणाल्या, "दोस्त असावे त असे, बाप्पा!" मी माळ्यावर पडून सगळं ऐकत होते. तोंड असतं तर बोलले असते.

ऑगस्ट संपता संपता मला खाली काढलं. आकांक्षा सामान भरत होती. शकुबाई दारात बसून बघत होत्या. नंदिनीवहिनी दोन्ही घरांसाठी पुन्हा पापडांच्या पुड्या बांधत होत्या. आकांक्षाने भरलेलं पांघरूण बाहेर काढलं, कुकरही काढला. "हे राहू दे, आई. सचिनकाका हाये न. पह्यले त्यायच्याकडंच राहीन, खोलीचं मंग पाहू."

राकेशभाऊ खाली बसले. चार माणसांत मिरवलेली इज्जत एकीकडे आणि पोर एकीकडे. शकुबाईंसमोरच ते म्हणाले, "त्यायच्या दारी जाऊ नको, बेटा. मले तिसऱ्या दिवशी निघाले सांगतलं. दुसऱ्याच्या घरी मी मांजर सांभाळली. तिथं आपलं कोणीच नाई, असं समजून जाय."

वहिनींचे हात थांबले. "मंग इतके दिवस काऊन नाई सांगतलं?"

"तू पापड लाटून राह्यली होती," भाऊ म्हणाले. "कसं सांगू?"

शकुबाई उठून आपल्या घरी गेल्या. आकांक्षाने पांघरूण पुन्हा आत भरलं. "खोली पक्की करूनच निघीन, बाबा," एवढंच ती म्हणाली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला शाळेत शिकवतील. माझं मागणं वेगळं आहे. 'ये' म्हणायचं असेल तर मनापासून म्हणा, नाहीतर म्हणूच नका. तुमच्या त्या एका शब्दावर इथे एखादा बाप गावभर तुमचं नाव मिरवत असतो. मग एक दिवस पोरीसमोर त्याला मान खाली घालावी लागते. ती मान मी पाहिली आहे.