ब्लॉकमधलं पाणी

नागपुरात गाडीला ऊन लागतं, थंडी लागत नाही. त्यामुळे तेवीस वर्षांत मी जे काही शिकलो ते उन्हाशी भांडायला शिकलो. मे महिन्यात वाफा सोडणारे रेडिएटर, फुगलेले होजपाइप, तापून बंद पडलेले पंप, सगळे माझ्या नंदनवनच्या गॅरेजात आले आणि शहाणे होऊन परत गेले. बर्फाशी माझा संबंध एवढाच की उसाच्या रसात तो घालतात. तरीही एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात माझ्या लेकीने विचारलं, "बाबा, गाडी बर्फासाठी तयार करता येईन काय?" तेव्हा मी ताडकन म्हणालो, "त्यात काय आहे!" मला 'येत नाही' असं म्हणता येत नाही. ही खोड जुनी आहे आणि तिचे चटके बहुतेक वेळा दुसऱ्यालाच बसले आहेत.

लेक म्हणजे कौसल्या. डॉक्टर. आमच्या अख्ख्या वस्तीत पहिली. तिला हिमाचलात, सिमल्याच्याही वर, एका खेड्यातल्या दवाखान्यात नोकरी लागली होती. जावई वसंत मास्तर आहे आणि बायकोचं ऐकण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. त्याने तिथल्याच शाळेत जागा मिळवली होती. सोबत जाणार होती त्यांची अँबॅसडर. ती मी भंगारातून आणून स्वतः उभी केली होती आणि लग्नात लेकीला दिली होती. तिथल्या दवाखान्याला जीप नव्हती. दहा मैलांवर एखादी बाई अडली तर कौसल्या याच गाडीने जाणार होती. ऐन वेळी गाडी चालू झाली नाही तर काय होईल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

मी झपाट्याने कामाला लागलो. इंजिनातलं जाडं ऑइल काढून पातळ भरलं, कारण कडाक्याच्या थंडीत जाडं ऑइल काकवीसारखं बसतं आणि सेल्फ मारला तरी इंजिन फिरत नाही. गिअरबॉक्सचं बदललं. ब्रेक ऑइल सगळं उपसून नवं घातलं. बॅटरी दोन दिवस चार्जिंगला लावली. अर्धवट चार्ज झालेल्या बॅटरीतलं पाणीसुद्धा गोठतं, हे मला कौसल्याने गाडीच्या पुस्तकातून वाचून दाखवलं. मी आधीपासून ठाऊक असल्यासारखी मान हलवली.

राहता राहिलं रेडिएटरचं पाणी, आणि सगळा जीव त्यातच होता. पाणी गोठलं की फुगतं, फुगलं की इंजिनचा लोखंडी ब्लॉक तडकतो, आणि ब्लॉक तडकला की इंजिन पुन्हा भंगारात. म्हणून पाण्यात कूलंट मिसळायचं, म्हणजे ते गोठत नाही. कौसल्याने त्याचे दोन डबे दिल्लीहून मागवले होते.

रेडिएटर रिकामा करायची आमची पद्धत ठरलेली आहे. खालची तोटी खोलायची, वरून पाइप लावायचा आणि स्वच्छ पाणी यायला लागलं की झालं. मी तसंच केलं. पाइप काढल्यावर चार लिटर पाणी बादलीत निघालं. मी तोटी बंद करत होतो, तेवढ्यात कौसल्या गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन बाजूला येऊन उभी राहिली.

"बाबा, इंजिनच्या ब्लॉकले मागून आणखी एक तोटी आहे. दोन्ही खोलाव्या लागतात म्हणते. नाही तर जवळपास निम्मं पाणी आतच राहते."

ती तोटी मला माहीत होती. पण नागपूरच्या विहिरींच्या खाऱ्या पाण्याने ती आतून खारानं बुजलेली असते. खोलली तरी थेंब येत नाही म्हणून कोणी खोलत नाही, आणि कोणी खोलत नाही म्हणून ती आणखी बुजते. गावातला एकही मिस्त्री तिला हात लावत नाही. हे सगळं मला लेकीला सांगता आलं असतं. पण बाकड्यावर तीन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. त्यात महाल वस्तीतले एक वकील होते, ज्यांची फियाट माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हाती जात नाही.

"तू माणसं दुरुस्त कर वं," मी मोठ्याने म्हणालो. "गाड्या राहू दे मले."

वकील खो खो हसले. बाकीचे दोघेही हसले. कौसल्याने पुस्तक मिटलं, "बरं, बाबा," म्हणाली आणि घरात निघून गेली.

मी डब्यावर लिहिल्याप्रमाणे एकास दोन, म्हणजे एक भाग कूलंटला दोन भाग पाणी, मिसळून चार लिटर भरलं. एक डबा सीलबंदच राहिला. तो कौसल्याने डिकीत ठेवला. मलाही बरंच वाटलं. माल वाचवणारा मिस्त्री लोकांना आवडतो.

पण मन मानत नव्हतं. ज्या कामाची परीक्षा सिमल्याला होणार, ते नागपुरात बसून बरोबर झालं असं कसं समजायचं? मी गाडी बेसा गावापर्यंत पळवून आणली, म्हणजे आतलं पाणी नीट घुसळलं जाईल. परत आल्यावर, कौसल्या रक्त तपासायला घेते तसं, रेडिएटरमधून एक बाटली भरून घेतली. बादलीत उरलेल्या मिश्रणाची दुसरी भरली. दोन्ही घेऊन संध्याकाळी बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथे बाबाराव काम करतो, माझा चौथीपर्यंतचा शाळूसोबती. चौथीनंतर शाळा आम्हा दोघांनाही परवडली नाही.

"काय गा बळीराम, दारू थंडी करून राहिला काय?"

"गाडीचं रक्त आहे. तपासून दे."

बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याचा मोठा हौद असतो. ते पाणी इतकं थंड असतं की त्यात सोडलेल्या डब्यांतलं साधं पाणी गोठून लादी होते, पण ते स्वतः गोठत नाही. नागपुरात तेवढाच काय तो हिमाचल. बाबारावने दोन्ही बाटल्या तारेने बांधून हौदात सोडल्या आणि सकाळी ये म्हणाला.

सकाळी सहाला गाडी निघाली. "जयभीम, बाबा," कौसल्या म्हणाली. तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला. मी बॉनेटवर थाप मारली. आठ वाजता मी कारखान्यात होतो, आणि खरं सांगायचं तर स्वतःचं कौतुक बघायलाच गेलो होतो.

बादलीतली बाटली पातळ, खळखळत बाहेर आली. गाडीतली बाटली बाबारावने उलटी धरली. त्यातून काही पडलं नाही. आत सगळा किसलेल्या बर्फाचा लगदा झाला होता.

मला दुसरं काही समजून घ्यावं लागलं नाही. मी भरलेलं चार लिटर ब्लॉकमध्ये दडलेल्या जुन्या पाण्यात मिसळून पांचट झालं होतं. गाडीच्या पोटात अजून नागपूरचंच पाणी होतं.

"तिथं आपल्या हौदाइतकी थंडी राहते काय?" बाबारावने विचारलं.

"रातची याच्यापेक्षा जास्त राहत असंन."

बाबारावने बाटली फडक्याने पुसली. "सोड न गा. फुटलं त थंडीनं फुटलं म्हणतीन. तुले कोण विचारते?"

तो माझ्या भल्यासाठीच बोलला, पण ते वाक्य माझ्या डोक्यात शिरून बसलं. गॅरेजात आलो. पाना उचलला, ठेवला. एका स्कूटरचा प्लग काढला आणि तोच परत लावला. एका गिऱ्हाइकावर उगाचच खेकसलो. कोणी विचारणार नाही हे खरंच होतं. हजार मैलांवर ब्लॉक तडकेल, लोक थंडीला शिव्या देतील आणि माझं नाव जागच्या जागी राहील. फक्त एखाद्या डोंगरात कोणीतरी बाई कळा देत असेल आणि माझी लेक बंद गाडीत किल्ली फिरवत बसेल.

तार करावी असं मनात आलं. पण तारेत काय लिहू? 'माझी चूक झाली'? हे शब्द पोस्टातल्या कारकुनाला मोजायला द्यायचे? मी पुन्हा पाना उचलला आणि ठेवला.

दहाच्या सुमारास बायको, तुळसाबाई, डबा घेऊन आली. बाकड्यावरची बाटली तिने पाहिली. लगदा आता वितळत होता. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना दोष खाऱ्या पाण्याचा कसा आहे तेही सांगून पाहिलं.

तिने ऐकून घेतलं. "त्या दिवशी पोरगी काहीतरी बोलली होती न तुम्हाले?"

मी बाटली बाकड्याखाली सरकवली.

"मंग आता बसले काहून? शिवनीची बस किती वाजता आहे?"

वसंतची आत्या प्रयागबाई शिवनीला राहते. पहिला मुक्काम तिथेच होता आणि पोरं उद्या पहाटे पुढे निघणार होती. मी फोडलेला, अर्धा उरलेला कूलंटचा डबा, पाना, तारेचा तुकडा आणि बादली घेतली आणि बस पकडली. बादली मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात ते त्या दिवशी कळलं. कंडक्टरने डब्यात काय आहे म्हणून दोनदा विचारलं. बस प्रत्येक गावच्या पाटीला थांबायची आणि प्रत्येक वेळी मी अर्धा उठून बसायचो, जणू मी उठल्याने ती लवकर निघणार होती. देवलापारला इंजिन तापलं म्हणून ड्रायव्हरने वरचं झाकण काढून तांब्याने पाणी ओतलं आणि झाकण लावून टाकलं. खालच्या तोट्यांचा विचारही त्याच्या मनात आला नसेल. एरवी मी त्याला शाबासकी दिली असती. त्या दिवशी मला त्याचा राग आला.

चारच्या सुमारास प्रयागबाईच्या अंगणात पोचलो. चिंचेखाली गाडी उभी होती आणि वसंत काचा पुसत होता. मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं, बाबा? घरी सगळे ठीक आहेत न?"

"सगळे ठीक आहेत. फडकं दे."

फडकं समोरच्या कप्प्यात आहे म्हणाला. कप्पा उघडला तर वरच ते इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यातून एक कागद बाहेर डोकावत होता. कौसल्याचं अक्षर मी कुठेही ओळखतो. लिहिलं होतं: 'दिल्ली. मिस्त्रीकडून ब्लॉकचं पाणी काढून घेणे. दुसरा डबा वापरून नवं भरणे. बाबांना कळवू नये.'

मला आधी राग आला. माझ्या हातची गाडी माझ्याच लेकीने परक्या मिस्त्रीपुढे उघडायची! मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना, कारण शेवटची ओळ तिने माझी लाज राखायला लिहिली होती.

कौसल्या दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्या हातातला कागद पाहिला, मग बादली पाहिली.

"तुम्ही कशाले आले, बाबा?"

"चूक झाली," मी म्हणालो. बसमध्ये याच्यापेक्षा मोठं वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते आठवेना. "माही चूक झाली. ब्लॉकमंधी पाणी राहिलं." मग कागद पुढे केला. "हे तुले मालूम होतं, त मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं न, बाबा."

आवाज चढवला नाही तिने. तेवढं एक वाक्य बोलली आणि पायऱ्या उतरून गाडीपाशी आली. वसंत काच पुसायचं सोडून विहिरीकडे पाणी आणायला गेला. शहाणा माणूस आहे.

मी बॉनेट उघडलं. आधी रेडिएटर रिकामा केला. मग ब्लॉकच्या तोटीकडे वळलो. ती मागे, अशा अडचणीत असते की पाना धरून हात आत गेला पाहिजे. माझा हात गेला नाही. दोनदा मनगट खरचटलं, बोटं सुजल्यासारखी झाली, पण पाना तोटीला लागेना. तेवीस वर्षांच्या पान्यांनी माझी बोटं जाड करून ठेवली आहेत. दहा वर्षांची असताना कौसल्या याच कामाची होती. इंजिनात पडलेला नट काढायचा असला की मी तिला हाक मारायचो आणि तिचा हात बरोबर पोचायचा.

"सरका, बाबा."

मी सरकलो. तिने बाही वर केली, हात आत घातला आणि मान वाकडी करून, डोळे मिटून चाचपू लागली. पोट तपासताना डॉक्टर असेच करत असावेत. तोटी करकरली, फिरली. थेंब आला नाही.

"तार द्या."

मी तार दिली. तिने ती आत घालून फिरवली. पांढऱ्या खाराच्या खपल्या बादलीत पडल्या, मग चुळकाभर गढूळ पाणी, आणि मग एकदम लालसर धार सुटली. तीन लिटरच्या वर निघालं. गंजाचा वास अंगणभर पसरला.

"अवं बाई, केवढी घाण!" प्रयागबाई ओट्यावरून म्हणाली.

मी बादली धरून बसलो होतो. घाण माझीच होती. धार संपून थेंब थेंब झाली तेव्हा कौसल्याने तोटी घट्ट केली आणि हात बाहेर काढला. तिच्या मनगटावरही ओरखडा उठला होता. मी तो फडक्याने पुसायला गेलो. तिने पुसू दिला.

वसंतने विहिरीचं गोडं पाणी आणून ठेवलं. दोन्ही डबे समोर मांडले. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण आता किती मिसळायचं ते मिस्त्रीने सांगायचं असतं. एकास दोन, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"पुस्तक काढ," मी कौसल्याला म्हणालो.

"इंग्रजीत आहे, बाबा."

"मले मालूम आहे." मी बादली रिकामी करून पालथी केली आणि तिच्यावर बसलो. "तू वाच वं. मी ऐकून राहिलो."