ज्यूरीने न वाचलेला कागद

मी कबुलीजबाबाचा कागद बोलतोय. बोलतोय म्हणजे आता जरा बोलतो. कोर्टात मला कुणी बोलू दिलं नाही, आणि बरंच झालं.

माझा जन्म इंग्लंडातल्या कंब्रियाच्या डोंगरातल्या एका पोलीस ठाण्यात झाला. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, एप्रिल महिना, मेंढ्या विण्याचे दिवस. असल्या दिवसांत मेंढपाळाला गोठ्यातून उठवून आणायला अक्कल लागत नाही. सार्जंट पिकथॉलने जॉन्टी बर्केटला तसंच उठवून आणलं. म्हातारा अडुसष्ट वर्षांचा, हात धुवायलाही सवड दिली नव्हती. शेजाऱ्याच्या, लोकरीवर लाल पट्ट्याची खूण असलेल्या पाच मेंढ्या त्याच्या कळपात सापडल्या होत्या.

"चोरल्यास ना?"

"बर्फाने बांध पडलाय, साहेब. मेंढी काय पाटी वाचून थांबते? मला सोडा, घरी एक अडलीय."

"आधी सांग, मग जा."

चार तास हेच. पिकथॉलने चहा मागवला, स्वतःपुरता. कप माझ्याच अंगावर ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. शेवटी जॉन्टी म्हणाला, "लिही बाबा तुला काय लिहायचं ते. दे, सही करतो." मेंढी अडलेली असताना तिथला माणूस कशावरही सही करेल. जॉन्टी पोचेपर्यंत मेंढी गेली होती. कोकरू वाचलं.

पुढे खटला उभा राहिला. शिक्षा झाली तर डोंगरावरचा चराईचा हक्क जाणार, म्हणजे आजोबापासूनचा कळप विकायचा. सरकारी वकील मला असा धरून होता, जसा काही लग्नाचा केक.

जॉन्टीच्या वकिलाने माझ्यावर हरकत घेतली. न्यायाधीश आर्मस्ट्राँगबाईंनी ज्यूरीच्या बाराजणांना बाहेर पाठवलं आणि पिकथॉलला उभं केलं.

"सार्जंट, घरी जाऊ द्या असं तो किती वेळा म्हणाला?"

"बसल्यापासून तेच चालू होतं, बाईसाहेब."

"वकील घेता येतो, हे सांगितलंत?"

"त्याने मागितला नाही."

"मी ते विचारलं नाही."

पिकथॉलने बुटांकडे पाहिलं. "नाही सांगितलं."

"मग हा कागद ज्यूरीपुढे जाणार नाही."

"पण बाईसाहेब," सरकारी वकील म्हणाला, "यात तर सरळ कबुली आहे."

"म्हणूनच जाणार नाही. बोलवा त्यांना आत."

आधी मला राग आला. लिहिलेला कागद वाचायचा नाही, तर मग लिहायचा कशाला? मग ज्यूरीकडे पाहिलं. मला वाचलं असतं तर त्यांनी पुढचं काही ऐकलंच नसतं. आता त्यांना पडलेल्या बांधाचे फोटो नीट पाहावे लागले. तासाभरात म्हणाले, दोषी नाही.

निघताना जॉन्टी कारकुनाला म्हणाला, "तो कागद द्या की, चूल पेटवतो."

"कोर्टाचा आहे, आजोबा."

"मग ठेवा नीट. सही बरी आलीय."

तेव्हापासून मी या खोक्यात आहे. कोरडं आहे, उंदीर नाहीत, तक्रार नाही. जॉन्टीने मेंढ्या चोरल्या का, मला विचारू नका. मी तिथे नव्हतो. माझ्यावरचे शब्द पिकथॉलचे आहेत. खालच्या कोपऱ्यात मात्र लोकरीच्या चरबीचा तेलकट अंगठा उमटलाय. सहीखेरीज तेवढाच खात्रीने जॉन्टीचा. कधी खोका उघडलात तर तो बघा आणि मला परत ठेवून द्या.