मी खाली उतरवलेल्या सहा तारा

मित्रांनो, गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण तुमच्या नजरेला नजर द्यायची मला लाज वाटते. मी एक जुनी ॲलन चावी. बोटभर लांब, काडीसारखी बारीक, सहा कडांची आणि एका टोकाला वाकवलेली. माझ्यासारख्या चाव्या तुमच्याही घरात असतील. टेबल-कपाट जोडून झाले की आम्हाला ड्रॉवरमध्ये टाकतात आणि पुढे गरज पडली की घर डोक्यावर घेतात.

कारखान्यात पोलादी तार कापून, वाकवून, तापवून मला घडवले आणि एका इलेक्ट्रिक गिटारबरोबर पाठवून दिले, तेव्हा मी फार फुशारले. गिटारच्या तारा जिथे टेकतात, त्या भागाला घोडी म्हणतात. घोडीवर प्रत्येक तारेसाठी दोन बारीक स्क्रू असतात. ते फिरवले की तार वर उचलली जाते किंवा खाली बसते. ते स्क्रू नेमके माझ्या मापाचे. एवढी मोठी झगझगीत गिटार, पण माझ्यावाचून तिचे पान हलत नाही, असे मी मनात म्हणत असे.

पहिला मालक वर्षातून दोनदा मला बाहेर काढी. पाव फेरी फिरवी, तार छेडून ऐके, मग पुन्हा पाव फेरी. काम झाले की मला पुसून ठेवी. ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे तो परगावी गेला, आणि गिटार, तिची खोळ व खोळीच्या खिशातली मी, असे आम्ही वाद्यांच्या एका दुकानातून नव्या घरी आलो.

त्या घरातले बाबा लिफ्ट दुरुस्तीचे काम करत. गिटार हवी होती त्यांच्या धाकट्या मुलीला. ती अकरा वर्षांची होती, आणि घरात तिला सगळे पिटुकली म्हणत. तिच्या डाव्या हाताची अनामिका वाकडी होती. पाच वर्षांची असताना ते बोट गाडीच्या दारात चेंगरले होते, आणि ते दार बाबांनीच लावले होते. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. बाबा तर त्या बोटाकडे बघायचेही टाळत.

पिटुकली शाळेतून यायच्या आत बाबांनी मला खिशातून काढले.

"तारा जरा खाली घेतो," ते आईला म्हणाले. "म्हणजे तिला दाबायला जोर लागणार नाही."

बाबांचा हात लिफ्टच्या मोठमोठ्या नटांना सरावलेला. त्यांनी एकेक स्क्रू चांगला दोन-दोन फेऱ्या खाली नेला, आणि मध्ये एकदाही तार वाजवून पाहिली नाही. हे चुकते आहे, हे मला कळत होते. पण इतक्या महिन्यांनी काम मिळाले म्हणून मी ऐटीत गरगर फिरले. "लोण्यासारख्या मऊ झाल्या," असे म्हणत त्यांनी मला पुन्हा खिशात टाकले. मला वाटले, माझेच कौतुक झाले.

संध्याकाळी पिटुकलीने पहिला सूर वाजवला. ट्रर्रर्र! तारा इतक्या खाली बसल्या होत्या की थरथरताना गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना घासत होत्या.

"अगं, आत माशी शिरलीय का?" तिची मोठी ताई हसून म्हणाली.

पिटुकलीही हसली. तिने याआधी गिटार हातात घेतलीच नव्हती, त्यामुळे खरा सूर कसा वाजतो हे तिला ठाऊक कुठे होते? शाळेत संगीताच्या बाई म्हणाल्या, "नीट दाब, बाळा." तिने आणखी दाबले. बोटांच्या टोकांवर खोल चरे पडले. आवाज तसाच. शेवटी बाईंची नजर त्या अनामिकेवर गेली आणि त्यांना कारण सापडल्यासारखे झाले.

"पंधरा दिवस बघू. नाहीच जमलं, तर शाळेच्या कार्यक्रमात तू खुळखुळा वाजव. त्याला बोटं लागत नाहीत."

मित्रांनो, त्या पंधरा दिवसांत मी जे पाहिले ते विसरू शकत नाही. गृहपाठ करताना पिटुकली ते वाकडे बोट जाडजूड शब्दकोशाखाली दाबून ठेवायची. सरळ व्हावे म्हणून. खोळीच्या खिशाची चेन अर्धी उघडी असायची आणि मला ते सगळे दिसायचे. चूक माझी होती आणि शिक्षा ते बोट भोगत होते. मी लाजेने चूर झाले होते, पण माझ्या हातात काय होते?

पंधराव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, गिटार परत देऊन टाका." बाबांनी गिटार खोळीत घातली. ते तिला घेऊन दुकानात गेले. मागच्या अरुंद खोलीत एक दुरुस्तीवाल्या मावशी होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या.

"काय बिघडलंय?" त्यांनी विचारले.

"गिटार चांगली आहे," पिटुकलीने हात पुढे केला. "माझं बोट वाकडं आहे."

मावशींनी बोटाकडे पाहिलेच नाही. गिटार मांडीवर घेतली, स्वतःच्या बोटाने तार दाबली आणि छेडली. ट्रर्रर्र!

"माझं बोट तर सरळ आहे ना? मग हे का गं खरखरतंय?"

मावशींनी छोट्या पट्टीने तारांखालचे अंतर मोजले. "कुणीतरी या पार खाली नेल्यात. कुणी केला हा उद्योग?"

माझा जीव टांगणीला लागला. बाबांनी खोळीच्या खिशात हात घातला, मला काढले आणि टेबलावर ठेवले.

"मी," ते म्हणाले. "तिचं बोट दुखू नये म्हणून. पिटुकले, तुझं काही चुकलं नव्हतं गं. चुकलो मी. आधीही, आणि आत्ताही." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते वाकडे बोट आपल्या हातात घेतले.

मावशींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग मला उचलून पिटुकलीच्या हातात दिले. "तूच फिरव. पाव फेरी, मग ऐकायचं. घाई नाही."

पाव फेरी. ट्रर्र. पुन्हा पाव. टर्र. सातव्या वेळी तिने त्याच अनामिकेने तार दाबली, आणि सूर स्वच्छ वाजला. खोलीभर घुमत राहिला.

"दुखतंय का?" बाबांनी घाबरत विचारले.

"दुखतंय थोडं," ती म्हणाली. "पण वाजतंय!"

कार्यक्रमात खुळखुळा दुसऱ्या कोणीतरी वाजवला. आता दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पिटुकली मला काढते, पाव फेरी फिरवते, ऐकते आणि पुसून ठेवते. तिने मला कधीच दोष दिला नाही. तरी शब्दकोश उघडल्याचा आवाज आला की माझी मान खाली जाते.

मित्रांनो, वाद्य खरखरले तर वाजवणाऱ्याला बोलण्याआधी एकदा ते स्वतः वाजवून पाहा. आणि स्क्रू तुम्हीच फिरवला असेल, तर लगेच सांगून टाका. मला तोंड नाही, म्हणून मी पंधरा दिवस गप्प राहिले. तुम्हाला तर आहे.